आमचे काका स्वतंत्र झाले

कायद्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. हे मी गर्वाने सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. आमच्या धंद्यातले बाकीचे लोक कामगार खात्याचं पाकीट आलं की ते उघडायच्या आधी देवाचं नाव घेतात. मी चष्मा घेतो. नियम बदलला की त्याचं परिपत्रक, परिपत्रकाचं शुद्धिपत्र आणि शुद्धिपत्राचा खुलासा, तिन्ही माझ्याकडे तारखेप्रमाणे फायलीत लावलेले असतात. आमची ही म्हणते, तारखांकडे एवढं लक्ष आहे तर लग्नाच्या वाढदिवसाचंही एक परिपत्रक लावून ठेवा. पण तो विषय वेगळा.

आमचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात आणि आमच्याकडून कवळी तयार होऊन जाते. वडिलांनी सुरू केलेली लॅब. खाली लॅब, वर घर. लॅब म्हटल्यावर काचेच्या नळ्या वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. एक लांबट खोली, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, मेण वितळवायची शेगडी, पॉलिशचं मशीन आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले जबड्यांचे साचे. नवीन माणूस आत आला की त्याला वाटतं, आपल्याला बघून सगळे हसतायत.

या खोलीत माणसं दोन. एक मी, दुसरे काका. काका माझे नात्याने कोणी लागत नाहीत. वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे बावीस वर्षं, ते आमच्याकडे मेणात दात बसवतात. नुसता साचा हातात घेतला की हा माणूस कुठल्या बाजूने चावतो, रागावला की दात खातो का, हे काका सांगतात. समोरचा एक दात ते मुद्दाम किंचित वाकडा बसवतात. "अगदी सरळ ओळ असली की खोटी दिसते," म्हणतात. डॉक्टर लोक आमच्याकडे येतात ते काकांच्या हातासाठी, हे मला माहीत आहे. काका नसले तर आमच्याकडून नुसत्या हिरड्या जातील.

तर मध्यंतरी एक नवा नियम आला. माणूस नोकर आहे की स्वतंत्र कंत्राटदार, हे आता कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरणार नव्हतं, प्रत्यक्षात काय चालतं त्यावर ठरणार होतं. त्यासाठी पंधरा प्रश्न दिले होते. आमच्या वडिलांनी कधीकाळी काकांकडून 'मी स्वतंत्र कंत्राटदार आहे' असं लिहून घेतलं होतं, आणि त्या एका कागदावर आमची बावीस वर्षं निघाली होती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि प्रश्न सोडवायला बसलो. कामाची वेळ कोण ठरवतं? मी. हत्यारं कोणाची? माझी. जागा? माझी. काम कसं करायचं ते कोण सांगतं? मी. म्हणजे मी सांगतो आणि काका त्यांना हवं तसं करतात, पण सांगतो मीच. दुसऱ्या कुणाचं काम घेतात का? छे. कामाला नाही म्हणू शकतात का? काकांच्या तोंडून तो शब्द मी ऐकलेला नव्हता. पंधरापैकी पंधरा! काका नोकर निघाले, आणि तेही पहिल्या नंबराने.

त्याच आठवड्यात नोटीस आली. तीन आठवड्यांनी निरीक्षक तपासणीला येणार. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की कंत्राटदार म्हणून दाखवलेला माणूस नोकर निघाला, तर त्याची रीतसर नोंद होईपर्यंत जागेला सील लागेल. माझी पाचावर धारण बसली.

"मग करून टाका ना काकांना कायम," ही म्हणाली.

"तुला कळत नाही. कायम केलं की वर्षाला एकवीस दिवस भरपगारी रजा. ते रजेवर गेले की दात कोण बसवणार? तू?"

"बावीस वर्षांत तो माणूस आठ दिवस तरी कुठे गेलाय का? बघा तुमच्या फायलीत."

फायलीत तसलं काही नव्हतं. शिवाय तोपर्यंत मला एक कल्पना सुचली होती, आणि कल्पना सुचली की मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. नियम म्हणतो प्रत्यक्षात काय चालतं ते बघणार. ठीक आहे. मग कागद बदलायचाच नाही. काकाच बदलायचे! तीन आठवड्यांत पंधराही उत्तरं उलटी फिरवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घसा खाकरला. "काका, आजपासून तुम्ही स्वतंत्र."

काकांच्या चिमट्यातला दात मेणात पडला. "माझं काय चुकलं, मालक?"

"चुकलं काही नाही. आणि मालक म्हणायचं नाही. तो पुरावा आहे."

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा. माझ्या वडिलांच्या बरोबरीचे तुम्ही. सरळ अरे-तुरे करा."

काकांना ते फार जड गेलं. दुपारपर्यंत ते माझ्याशी बोललेच नाहीत. शेवटी मेण संपलं तेव्हा त्यांनी सगळं बळ एकवटून हाक मारली, "अरे मालक."

मग वेळेचा प्रश्न घेतला. "उद्यापासून नऊला यायचं नाही," मी बजावलं. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला दार उघडलं तर काका डब्याची पिशवी घेऊन बाहेर उभे. कधीपासून उभे आहात विचारलं तर म्हणाले, नऊपासून. नऊला यायचं नाही म्हणालास म्हणून थांबलो. त्यांना समजावता समजावता माझे दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी मात्र ते अकराला आले. चेहरा टवटवीत दिसत होता. म्हणाले, "सकाळी अंगणात नुसता बसलो होतो. बरं वाटतं की रे."

त्यानंतर हत्यारं. 'स्वतःची साधनं वापरतो का' हा प्रश्न काकांनी जरा जास्तच मनावर घेतला. चाकू, चिमटे, शेगडी तर आणलीच, पण एके दिवशी हातगाडीवरून त्यांच्या घरचं जेवणाचं टेबल आलं. आठ माणसांचं! ते आत घ्यायला दाराचं एक फळकूट काढावं लागलं. टेबल मधोमध बसलं आणि माझं मेज सरकत सरकत दाराला जाऊन चिकटलं. दार उघडायचं तर आधी माझी खुर्ची हलवावी लागे, त्यामुळे बेल वाजली की उठायचं मीच, हे आपोआप ठरून गेलं. 'जागा कोणाची' हा प्रश्न उरला होता. खोलीचा वापर काकांना दिला आहे असं मी स्वतःच्या हाताने लिहून सही केली. बाहेर त्यांची पाटी लावली. तिला खिळे मिळेनात म्हणून आमची जुनी पाटी तात्पुरती काढून जिन्याखाली ठेवली.

काम कसं करायचं हे सांगायला आता मला बंदी होती. ती मी स्वतःच घातली होती, आणि मी शब्दाचा पक्का आहे.

"कवळी हवी," मी सांगायचो.

"कुठल्या रंगाचे दात?"

"ते मी सांगू शकत नाही."

"अरे, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं असेल ना."

मग मी ती चिठ्ठी काकांना दिसेल अशी हातात धरून खिडकीबाहेर बघत उभा राहायचो. त्यांनी स्वतःहून वाचली तर त्याला माझा इलाज नव्हता.

आता बदली माणसाचा प्रश्न. स्वतंत्र कंत्राटदार आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो. "पाठवा एक दिवस कुणाला तरी, नोंद होईल," मी म्हटलं. काकांनी आपल्या व्याह्यांना पाठवलं. मुलीचे सासरे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता निवृत्त. आदल्या संध्याकाळी काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलीच्या सासरचा माणूस आहे. काही कमी पडू देऊ नकोस." त्यामुळे व्याह्यांना माझी खुर्ची, माझी उशी, दर तासाला चहा आणि मी उभा. व्याह्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एक कवळी उचलली आणि माझ्याकडे दयेने बघितलं.

"फार ढिलं काम चालतं तुमच्याकडे. एवढी फट? घड्याळ असतं तर दिवसाला दहा मिनिटं मागे पडलं असतं."

त्यांनी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात घासून, मोजून, एकमेकांत अडकवून दिले. कवळी डॉक्टरांकडे गेली आणि दोन दिवसांनी फोन आला.

"पेशंटने कवळी बसवली, दात मिटले, आता उघडत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"पेशंट काय म्हणतायत?"

"हूं म्हणतायत. दुसरं काही म्हणताच येत नाहीये त्यांना. मी आता आत हात घालून सोडवतो, पण त्यांच्या मिसेस म्हणतायत घाई नाही, सोमवारपर्यंत राहू द्या."

ती कवळी काकांनी पुन्हा करून दिली, आणि सोमवारी तो माणूस घडाघडा बोलायला लागला. पण व्याह्यांना हे सांगणार कोण? "तुमच्या कामाची पकड फार घट्ट आहे म्हणतात," एवढंच मी बोललो. ते खूश झाले आणि दर बुधवारी यायला लागले.

सगळ्यात अवघड गेला तो नकाराचा प्रश्न. रोज चहाच्या वेळी आमचा सराव चाले.

"काका, हे काम घ्या."

"घेतो."

"नाही म्हणायचं."

"बरं. नाही, घेतो."

आठ दिवस हेच. इकडे मी त्यांना बाहेरची गिऱ्हाइकं मिळवून देत होतो, कारण फक्त एकाचंच काम करणारा माणूस नियमात स्वतंत्र धरत नाहीत. मी त्यांची कार्डं छापली, स्वतः दहा डॉक्टरांना फोन केले, काकांच्या हाताचं तोंड भरून कौतुक केलं. काकांचे हात मेणात असतात म्हणून कार्डावर नंबर माझा दिला. फोन वाजला की मी म्हणायचो, "नमस्कार, काकांकडून बोलतोय." आमचे जुने डॉक्टरही मग थेट काकांना काम देऊ लागले. एक तर म्हणाले, "सगळं काकाच करतात, तर मध्ये तुम्ही कशाला?" मला त्यांचा राग आला नाही. उलट मी ते तारखेसकट लिहून ठेवलं, कारण पुरावा म्हणून ते उत्तम होतं.

तपासणीला आठवडा उरला असताना आमच्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरांचं काम माझ्याकडे आलं. "काका, हे उद्या लागेल," मी म्हटलं.

काकांनी मान वर न करता उत्तर दिलं. "नाही."

"शाब्बास! आता सराव पुरे. हे खरंच हवंय."

"अरे, मीही खरंच सांगतोय. उद्या दुसऱ्यांचं द्यायचंय. परवा बघू."

शेवटचं उत्तर फिरलं होतं. पंधरापैकी शून्य! मी आनंदाने वर गेलो. तिथे कळलं की मेहुणी नव्या घरात राहायला गेली आहे आणि तिने शुक्रवारी आम्हाला जेवायला बोलावलंय. मी लगेच खाली जाऊन आलो.

"शुक्रवारी नाही जमायचं," मी हिला सांगितलं. "काका म्हणतात, शुक्रवारी बरंच काम बाहेर जायचंय. रविवारी जा म्हणाले."

"तुम्ही विचारायला गेला होतात?"

"विचारायला नाही. सांगायला."

"मग शुक्रवारी जाऊ या."

"अगं, पण काका नाही म्हणालेत ना."

ती काही बोलली नाही. बायको भांडली तर माणसाला निदान बाजू मांडता येते. गप्प बसली की काही सुचत नाही, आणि मला तर कायद्याशिवाय तसंही काही सुचत नाही. आम्ही रविवारी गेलो.

निरीक्षक आले ते नेमके बुधवारी. किडकिडीत, वयस्कर गृहस्थ, खांद्याला कापडी पिशवी. मी तिन्ही फायली त्यांच्यापुढे मांडल्या. त्यांनी त्या न उघडता बाजूला सारल्या.

"ते राहू द्या. मी एक तास नुसता बसतो. तुमचं रोजचं चालू द्या."

ते फळीखालच्या स्टुलावर बसले. त्यांच्या डोक्यावर सगळे जबडे हसत होते. मी काकांना डोळ्यांनीच धीर दिला, पण त्याची काही गरज नव्हती. काका अकराला आले होते, स्वतःच्या टेबलाशी बसले होते, स्वतःच्या चाकूने मेण कोरत होते. असा स्वतंत्र माणूस निरीक्षकांनी जन्मात पाहिला नसेल.

"अरे, बेल वाजतेय, बघ जरा," काका म्हणाले. मी उठलो. डॉक्टरांकडचा माणूस मापं देऊन गेला. मी बसलो. "अरे, प्लास्टर भिजव." मी भिजवलं. फोन वाजला. "नमस्कार, काकांकडून बोलतोय." पुन्हा बेल. व्याह्यांनी भिंग काढून चहात साखर जास्त झाल्याचं सांगितलं. मी वर जाऊन दुसरा चहा आणला. "अरे, हे पार्सल बांधायचं राहिलंय बघ कालचं. किती वेळा सांगायचं?" मी बांधलं. अधूनमधून मी निरीक्षकांकडे बघून हसत होतो. ते वहीत काहीतरी लिहीत होते.

तासाने त्यांनी वही मिटली. "तीस वर्षं मी हेच काम करतोय," ते म्हणाले. "कागद सगळ्यांचेच छान असतात. मी फक्त एक बघतो. बेल वाजली की कोण उठतं."

"म्हणजे?"

"अकरा वेळा तुम्ही उठलात. त्यातल्या एका वेळी तर बेल वाजलीच नव्हती. किती वाजता येता कामाला?"

"नऊला. काका उशिरा येतात, कोणीतरी उघडायला हवं ना."

"हे टेबल कोणाचं?"

"काकांचं."

"जागा?"

"तिचाही वापर काकांचा. हे बघा, लिहून दिलंय," मी कागद पुढे केला. एवढा चोख कागद त्यांनी बघायलाच हवा, असं मला वाटत होतं.

"दुसरीकडे कुठे काम करता?"

"वेळच मिळत नाही हो."

"रजा?"

"रविवारी दिली होती काकांनी."

"काम सांगितलं तर नाही म्हणता येतं तुम्हाला?"

मी काकांकडे बघितलं. निरीक्षकांनी तेही लिहून घेतलं. मग माझ्याकडे पाठ करून ते काकांशी बोलू लागले. "तुमच्याकडे हा एक माणूस बिननोंदीचा कामावर आहे. पंधराही प्रश्नांत नोकर ठरतो. त्याचं काय ते आत्ता सांगा. नोंद करणार असाल तर ठीक, नाहीतर मला सील लावावं लागेल."

माझी दातखीळच बसली. जिन्यात ही उभी होती, तिनेही कठड्याला हात टेकला. मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. टेबल काकांचं, डॉक्टर काकांचे, बाहेरची पाटी काकांची. हा माझा कोणी नाही, एवढं काकांनी म्हणायचं, आणि टेबल हातगाडीवर घालून चालू लागायचं. डॉक्टर त्यांच्यामागे जातील आणि मी सील लावलेल्या खोलीबाहेर उभा राहीन. त्यात त्यांचं काही चुकणारही नव्हतं. त्यांना एकवीस दिवसांची रजा द्यावी लागू नये म्हणून मी तीन आठवडे जिवाचं रान केलं होतं.

काकांनी चाकू खाली ठेवला. हात पुसले.

"यात सांगायचं काय, साहेब? करून टाका कायम. घरचंच पोरगं आहे. घरच्याला काय कंत्राटावर ठेवायचं?"

बस, एवढंच. ना पंधरा प्रश्न, ना पेन्सील. मला खरोखर लाज वाटली. बोलायला गेलो तर माफी मागावी की आभार मानावेत हे कळेना. दोन्हींच्या मधलं काहीतरी पुटपुटलो.

"असू दे, असू दे," काका म्हणाले. "ते प्लास्टर घट्ट होतंय बघ."

"सहा महिने उमेदवारीवर ठेवा आधी," व्याह्यांनी भिंगातूनच सुचवलं. "याचंही काम ढिलंच आहे."

निरीक्षकांनी फॉर्म भरला, माझी सही घेतली, काकांची घेतली. 'मालक' या शब्दापुढे काकांनी सही केली तेव्हा मी त्यांना पेन दिलं, कारण पेन द्यायला उठायची आता सवय झाली होती.

वर गेलो तर ही फोनवर होती. तिचे वडील सरकारी कचेरीत चौतीस वर्षं नोकरी केलेले. स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला मुलगी दिली याचं त्यांना इतकं दुःख होतं की अठरा वर्षांत ते माझ्याशी 'बसा' यापलीकडे बोललेले नाहीत.

"हो बाबा, नोकरी लागली यांना," ही सांगत होती. "हो, कायम. नाही, लांब नाही, खालीच. यांना देऊ म्हणता? देते."

मी फोन कानाला लावला.

"अभिनंदन, जावईबापू," सासरे म्हणाले. आवाज चक्क कापत होता. "उशिरा का होईना, मार्गाला लागलात. आता टिकवा. साहेब कसे आहेत स्वभावाने?"

काका नेमके त्याच वेळी पाणी प्यायला वर आले होते आणि माझ्या शेजारीच उभे होते.

"चांगले आहेत," मी हळूच म्हणालो. "पण आत्ता जास्त बोलता येणार नाही. ड्युटीवर आहे."